काच वाचली, कागद जळले : कस्टर काउंटीतल्या शेतकऱ्यांच्या आठवणींचं प्रकरण

१२ मार्च १८९९. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सॉलोमन बुचर या फोटोग्राफरचं घर आगीत बेचिराख झालं. आत तेरा वर्षांची कमाई होती. माळावरच्या शेतकरी कुटुंबांच्या घरोघर जाऊन, त्यांच्यापुढे बसून लिहून घेतलेल्या त्यांच्या जीवनकहाण्या आणि छापलेले फोटो असा हा ऐवज होता. त्यातलं काहीच हाती लागलं नाही. ज्यांवरून फोटो छापतात त्या काचेच्या निगेटिव्ह मात्र धान्याच्या कोठारात ठेवलेल्या होत्या. आग तिथवर पोचली नाही.

हजारो चेहरे वाचले आणि त्या चेहऱ्यांचं बोलणं गेलं. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या आठवणी जमवण्याचं काम जो कोणी हाती घेतो, त्याने हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला वाटतं. मी बुचरचे फोटो गेली बरीच वर्षं पाहतो आहे, आणि दर वेळी माझं अडतं एकाच ठिकाणी: या माणसांना कोणीतरी एकदा विचारलं होतं, त्यांनी सांगितलंही होतं, आणि तरी ते आपल्यापर्यंत आलं नाही.

माळ आणि माणसं

अब्राहम लिंकन यांनी १८६२ साली होमस्टेड कायद्यावर सही केली. थोडी फी भरायची, १६० एकर सरकारी जमीन नावावर मागायची, तिच्यावर पाच वर्षं राहून ती कसायची, की ती आपली, असा तो कायदा. मुळात ही जमीन मोकळी नव्हती. पॉनी आणि लकोटा या तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा तिथे वावर होता, आणि त्यांना हुसकावूनच ती ‘सरकारी’ झाली होती. बुचरच्या कामात ही बाजू जवळजवळ दिसत नाही. तेव्हा त्याने कोणाला विचारलं याइतकंच त्याने कोणाला विचारलं नाही, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

कस्टर काउंटी १८७७ मध्ये स्थापन झाली. १८८० च्या जनगणनेत तिथे जेमतेम बावीसशे माणसं होती, १८९० मध्ये एकवीस हजारांवर गेली. दहा वर्षांत दहापट. रेल्वे आली, जाहिराती झाल्या, पूर्वेकडच्या राज्यांतली आणि युरोपातली माणसं बैलगाड्या-घोडागाड्यांत संसार भरून आली. आली तर पुढ्यात नुसतं गवत. घर बांधायला लाकूड नाही, चूल पेटवायला सरपण नाही.

मग त्यांनी मातीच कापली. प्रेअरीच्या, म्हणजे त्या माळाच्या, गवताची मुळं शेकडो वर्षं एकमेकांत गुंतत गेल्याने वरचा थर चामड्यासारखा चिवट झालेला असतो. इंग्रजीत त्याला सॉड म्हणतात. त्यासाठी खास नांगर असे. तो फूटभर रुंदीची, तीन-चार इंच जाडीची सलग पट्टी सोलून काढी. फावड्याने तिचे तीन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचत जायचं. सोळा बाय वीस फुटांच्या साध्या घराला अर्धा ते एक एकर सॉड लागे. भिंती दोन-तीन फूट जाड, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब. पण छपरावरही तीच माती. पाऊस एक दिवस पडला तर घर पुढे दोन-तीन दिवस आतून पडत राही. वरून माती, किडे, कधी सापही पडत, म्हणून बायका छताखाली मांजरपाट ताणून बांधत. जळणाला माळावर वाळलेलं शेण गोळा करायचं. आपल्याकडे ज्याला रानगोवऱ्या म्हणतात तेच. पठारावर विहिरीला पाणी शंभर फुटांच्याही खाली. ज्यांना विहीर परवडत नसे ते मैलोन् मैल पिंपांतून पाणी वाहून आणत.

अशा ठिकाणी १८८० साली बुचरचे वडील आपलं कुटुंब घेऊन आले. चोवीस वर्षांच्या सॉलोमननेही जमीन मागून घेतली, पण थोड्याच दिवसांत ती सोडली. नांगर धरणं आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला लवकर कळलं. वैद्यकीचं शिक्षण घ्यायला गेला, तेही अर्ध्यावर टाकलं. लग्न करून परत आला, शाळेत शिकवलं, आणि पैसे साठवून काउंटीतला पहिला फोटो स्टुडिओ उभा केला. तरुणपणी तो टिनवरचे फोटो काढणाऱ्या एकाकडे शिकला होता, ते इथे कामी आलं.

शेजारी त्याला धरसोड्या म्हणत असणार. पण स्वतः शेतकरी होता आलं नाही म्हणूनच त्याला शेतकऱ्यांकडे असं पाहता आलं, असं मला वाटतं. जो नांगरापासून पळाला त्याला नांगर धरून टिकलेल्याची किंमत ठाऊक होती.

योजना

१८८६ मध्ये त्याच्या डोक्यात आलं की या काउंटीचा इतिहास लिहायचा, फोटोंसकट, आणि तो इथे पहिल्यांदा येऊन राहिलेल्या माणसांच्या तोंडून. त्या काळात अमेरिकेत काउंटीचे इतिहास छापणारे पुष्कळ प्रकाशक होते. वर्गणी देणाऱ्या प्रतिष्ठितांची चरित्रं त्यांत येत. बुचरने रोख वळवला तो सॉडच्या घरात राहणाऱ्यांकडे. वडिलांना हे पटेना. मग त्याने दोन आठवड्यांत पंचाहत्तर शेतकऱ्यांना फोटोसाठी राजी केलं आणि यादी त्यांच्यासमोर ठेवली. वडिलांनी घोडा-गाडी दिली.

पुढची सहा-सात वर्षं तो हिंडत राहिला. गाडीत काचेच्या जड निगेटिव्ह, कॅमेरा, रसायनं. शेतकऱ्याकडे रोकड नसे, म्हणून बऱ्याच ठिकाणी मुक्काम, जेवण आणि घोड्याला चारा हाच मोबदला. फोटो काढायचा, कहाणी उतरवून घ्यायची आणि पुढच्या वस्तीकडे निघायचं. एकट्या कस्टर काउंटीत त्याने हजारावर फोटो काढले.

या पद्धतीतली एक गोष्ट मोलाची आहे. तो मुक्कामाला राहत असे. एका जेवणाच्या पंगतीत माणूस जे सांगतो ते प्रश्नावली पाठवून मिळत नाही. रात्री दिव्याजवळ बसून म्हातारा काय सांगतो आणि सकाळी गोठ्यात त्याची बायको त्यातलं काय दुरुस्त करते, हे ऐकायला तिथे असावं लागतं. बुचरला हे सगळं ऐकायला मिळालं असणार. त्याच्या वह्या राहिल्या असत्या तर किती ऐकलं ते कळलं असतं.

दारापुढे मांडलेला संसार

आता फोटोंकडे. सॉडच्या घरात एखाददुसरी खिडकी, आत मिट्ट काळोख. त्या काळच्या काचेवर आतला फोटो उमटणं कठीण. म्हणून कुटुंबाला बाहेर उभं केलं, आणि कुटुंबाने आपल्याबरोबर आपल्या वस्तूही बाहेर आणल्या. कॅमेऱ्याची अडचण होती, पण तिच्यातूनच साक्ष तयार झाली. जे दाखवावंसं वाटलं ते माणसांनी स्वतः निवडून दारापुढे मांडलं.

सार्जंट गावाजवळचं सिल्व्हेस्टर रॉडिंग यांचं कुटुंब, १८८६. घर टेकडीच्या पोटात खणलेलं, त्यामुळे मागे टेकडीवर चरणारी गाय छपरावर उभी असल्यासारखी दिसते. पुढे टेबल टाकलंय, त्यावर कापलेलं कलिंगड. रॉडिंग हे यादवी युद्धात लढून आलेले सैनिक. चेहरे गंभीर, कारण काही सेकंद हलायचं नाही, पण टेबलावर कलिंगड आहे! या जमिनीत हे पिकतं, हे त्यांना दाखवायचं होतं. पूर्वेकडे राहिलेल्या भावाबहिणींना हा फोटो जाणार होता.

याच वर्षी ओमर केम यांचाही फोटो बुचरने त्यांच्या सॉडच्या घरापुढे काढला. पुढे हाच शेतकरी पॉप्युलिस्ट या शेतकऱ्यांच्या पक्षातर्फे निवडून येऊन १८९१ पासून १८९७ पर्यंत अमेरिकन काँग्रेसमध्ये बसला. फोटोत त्याची काही खूण नाही. चिखलाच्या घरापुढचा एक माणूस, इतकंच.

क्रिसमन भगिनींचा फोटोही १८८६ चाच. हॅरिएट, एलिझाबेथ, लुसी आणि रूथ, चौघी बहिणी सॉडच्या घरापुढे उभ्या, बाजूला खोगीर चढवलेले घोडे. एकवीस वर्षं पूर्ण झालेली अविवाहित बाई स्वतःच्या नावे होमस्टेड मागू शकत असे, आणि थोरल्या बहिणींनी तो हक्क वापरला. कायद्याप्रमाणे जमिनीवर राहणं भाग होतं, म्हणून बहिणी आळीपाळीने एकमेकींच्या घरी राहायला जात, कोणी एकटी पडू नये म्हणून. धाकटीचं वय झालं तोवर आसपास मोकळी जमीनच उरली नव्हती. फोटोत चौघी सारख्याच ताठ उभ्या आहेत. तिघींना जमीन मिळाली आणि चौथीला नाही, हे काच सांगत नाही. ते आपल्याला कळलं कारण कोणीतरी ते लिहून ठेवलं.

याहून ठळक उदाहरण वेस्टरव्हिलजवळचं आहे. १८८७ मध्ये बुचरने जेरी शोअर्स यांच्या कुटुंबाचा फोटो काढला आणि पुढच्या वर्षी मोझेस स्पीस यांच्या कुटुंबाचा. दोन्ही कृष्णवर्णीय कुटुंबं, गुलामीतून सुटून माळावर आलेली. आडनावं वेगळी, फोटो वेगळे, वर्षं वेगळी. पण जेरी आणि मोझेस सख्खे भाऊ. गुलामीत दोघांचे मालक वेगळे होते, आणि सुटल्यावर प्रत्येकाने आपल्या मालकाचं आडनाव लावलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून कितीही निरखले तरी हे नातं दिसणार नाही. एका ओळीची नोंद राहिली म्हणून ते भाऊ राहिले, नाहीतर दोन अनोळखी कुटुंबं झाली असती. आडनावांत दडलेली गुलामीतली ताटातूटही त्याच ओळीमुळे समजते.

मी आठवणी जमवणाऱ्या कोणालाही हे दोन फोटो आधी दाखवीन.

दुष्काळ, आणि मग आग

१२ जानेवारी १८८८ ला या माळावर हिमवादळ आलं. सकाळ उबदार होती, मुलं शाळेत गेलेली होती. दुपारी काही मिनिटांत आभाळ फिरलं आणि घरी परतताना कित्येक मुलं गोठून मेली. तरीही लोक राहिले. त्यांना उठवलं ते पावसाने, म्हणजे न पडलेल्या पावसाने. १८९० चं वर्ष कोरडं गेलं, १८९४ त्याहून वाईट, मध्ये १८९३ ची आर्थिक मंदी. मक्याला भाव नाही, गहाण फिटत नाही. गाड्या आल्या तशाच माणसांना घेऊन परत पूर्वेकडे जाऊ लागल्या. १८९२ च्या सुमाराला बुचरचं कामही थांबलं. वर्गणी द्यायला, छापील प्रत विकत घ्यायला पैसा होता कोणाकडे? वह्या घरात आणि काचा कोठारात पडून राहिल्या, आणि १८९९ मध्ये आग लागली.

हे प्रकरण सांगताना सगळे आगीवर थांबतात. मला वाटतं, नुकसान त्याआधीच झालेलं होतं. कागद जळाले तेव्हा ते पुन्हा लिहून घेता आले असते, सांगणारी माणसं जागेवर असती तर. पण दुष्काळाने त्यातली कितीतरी उठवून नेली होती. कोण आयोवात गेलं, कोण ओरेगॉनला, कोण कुठे गेलं त्याचा पत्ताच नाही. त्यांची कहाणी सांगितलेली एकच प्रत होती, ती बुचरच्या घरात होती.

दुसऱ्यांदा विचारणं

इथे एक उतारवयाचा माणूस मदतीला आला. एफ्राइम स्वेन फिंच, काउंटीतला अगदी पहिल्या फळीतला पशुपालक. लोक त्यांना अंकल स्वेन म्हणत. कहाण्या पुन्हा जमव, छपाईचा पैसा मी उभा करतो, असं त्यांनी बुचरला सांगितलं. बुचर पुन्हा घोडागाडी जोडून निघाला, आणि १९०१ मध्ये ग्रंथ छापून झाला. प्रती आधीच नोंदवलेल्या होत्या, पहिली आवृत्ती हातोहात संपली आणि लगेच दुसरी काढावी लागली.

पैसा देणाऱ्याचा हात कामावर उमटतोच. फिंच यांच्यासारख्या जुन्या पशुपालकांचं साहस, गुरंवाले आणि शेतकरी यांची भांडणं, १८७८ मध्ये प्रिंट ऑलिव्ह या बड्या गुरंवाल्याच्या टोळीने केलेला मिचेल आणि केचम या दोन वसाहतदारांचा खून, असल्या गोष्टींना ग्रंथात भरपूर जागा आहे. रोजच्या कामाला, दूधदुभत्याला, बाळंतपणाला, धुण्याला फार कमी. बायका बहुतेक ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येतात. फिंच यांच्याशिवाय ग्रंथ झालाच नसता, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. पण त्यात काय आलं नाही, ते वाचणाऱ्याने ओळखायला हवं.

दुसरा फरक मला जास्त खोल वाटतो. १८८६ ला बुचर ज्यांच्याकडे जेवला ती माणसं लढाईच्या मधोमध होती. पीक येईल की नाही, जमीन राहील की जाईल, काही ठरलेलं नव्हतं. १९०० ला त्याने ज्यांना गाठलं ते टिकलेले होते. केस पांढरे होऊ लागलेले, सॉडच्या जागी लाकडी घर उभं राहिलेलं. टिकलेल्या माणसाच्या तोंडी जुने हाल गोड होतात. भुकेचा हिवाळा हसत सांगायची गोष्ट होते. ते खोटं बोलत नाहीत, पण शेवट ठाऊक असलेली गोष्ट ते सांगत असतात. हरून निघून गेलेल्याने तीच गोष्ट वेगळी सांगितली असती. त्याचा फोटो कोठारातल्या काचेवर आहे, आणि तोंड बंद आहे.

याच सुमाराला बुचरने आणखी एक केलं, आणि ते सांगायलाच हवं. जुने प्रसंग त्याने माणसं उभी करून पुन्हा वठवले. १८८५ मध्ये शेतकऱ्यांनी ब्रायटन रँच या गुरांच्या मोठ्या कुरणाचं पंधरा मैलांचं तारेचं कुंपण कापलं होतं. बुचरच्या प्रसिद्ध फोटोत तोंडाला रुमाल बांधलेली माणसं तार कापताना दिसतात. तो फोटो घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी मुद्दाम घेतलेला आहे. काही काचांवर त्याने हाताने रेघाही ओढल्या. आज असे फोटो अस्सल म्हणून फिरतात. मला त्याचा हेतू लबाडीचा वाटत नाही. गेलेलं परत उभं करण्याची त्याला घाई झाली होती. पण पुढच्याने फोटोखाली ‘हे नंतर वठवलेलं आहे’ असं न लिहिल्याने केवढा गोंधळ होतो, ते इथे दिसतं.

१९१६ आणि पुढे

बुचर नंतर कीर्नी गावी गेला, मुलाबरोबर पोस्टकार्डांचा धंदा केला, टेक्सासमध्ये जमिनीची दलाली केली. पैसा कशातच राहिला नाही. १९१० नंतरच्या वर्षांत त्याने आपल्या काचा नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेला विकल्या. संस्थेने एक शहाणपणाचं काम केलं: काचा घेऊन कपाटात न घालता, १९१६ च्या सुमाराला तिने बुचरलाच बोलावून प्रत्येक फोटोची माहिती लिहून देण्याच्या कामावर ठेवलं.

साठीचा फोटोग्राफर काचा एकेक करून उजेडासमोर धरतो आणि तीस वर्षांपूर्वीचं आठवू लागतो. हे कोण? कुठली वस्ती? टेबलाशी बसलेली बाई आई की सासू? काही नावं पक्की आठवली, काही चुकली. काही ठिकाणी त्याने गोष्ट रंगवली. पुढच्या अभ्यासकांना त्याच्या नोंदी तपासून घ्याव्या लागल्या. पुष्कळ काचांवर आजही ‘अज्ञात कुटुंब’ एवढंच आहे. पण तो जिवंत असताना विचारलं म्हणून जेवढं मिळालं तेवढं तरी मिळालं. १९२७ मध्ये तो कोलोरॅडोत वारला. अकरा-बारा वर्षं उशीर झाला असता तर सगळाच संग्रह अज्ञात राहिला असता.

बुचर गेल्यावर दहाएक वर्षांनी महामंदीच्या काळात सरकारने बेकार लेखकांना काम देण्यासाठी एक योजना चालवली. १९३६ ते १९४० या वर्षांत त्या लेखकांनी देशभर सामान्य माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्यांत नेब्रास्कातले म्हातारे शेतकरीही होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशा सुमारे २,९०० जीवनकहाण्या आहेत. १८८६ मध्ये सॉडच्या घरापुढे उभा असलेला वीस वर्षांचा मुलगा तेव्हा सत्तरीचा होता. या मुलाखतींत गाणी आहेत, कोडी आहेत, घरगुती औषधं आहेत, नाच कोणाच्या खळ्यात व्हायचा ते आहे. १९०१ च्या ग्रंथात न मावलेलं पुष्कळ इथे सापडतं, कारण विचारणाऱ्याला प्रत विकायची नव्हती. आणि मुलाखती देणारे बाहेर पाहत होते तर पुन्हा दुष्काळ होता, धुळीची वादळं होती. जुना दुष्काळ त्यांना आठवला तो नव्या धुळीत बसून.

तिसऱ्या प्रकारची सामग्रीही आहे. बुचरच्या फोटोंबरोबर लायब्ररी ऑफ काँग्रेसने इंटरनेटवर ठेवलेली ऑब्लिंगर कुटुंबाची पत्रं. युरायह ऑब्लिंगर इंडियानातून नेब्रास्काच्या फिलमोर काउंटीत आला, १८७३ मध्ये त्याची बायको मॅटी मुलीला घेऊन मागोमाग आली. सॉडच्या घरात राहायला लागल्यावर मॅटीने माहेरी लिहिलं की लाकडी घराची सोय इथे नाही, पण आजवर ज्या खोपटांत राहिले त्यांच्यापेक्षा हे काही वाईट नाही, आणि मुख्य म्हणजे घर आपलं आहे. हे वाक्य तिने म्हातारपणी आठवून सांगितलेलं नाही. चूल विझायच्या आत लिहिलेलं आहे. पुढे काय होणार ते तिला ठाऊक नव्हतं. १८८० मध्ये ती बाळंतपणात गेली. म्हातारी व्हायला तिला मिळालंच नाही, त्यामुळे कोणी मुलाखत घेणाऱ्याला ती कधी भेटली नसती. पत्र फेकून दिलं नाही म्हणून ती आहे.

या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की काम कसं करायचं ते आपोआप समजतं. फोटो काढताना त्याच दिवशी, फोटोच्याच मागे नावं: डावीकडून कोण, कोणाची कोण, माहेरचं नाव काय. कहाणीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. सांगणाऱ्याने तीस वर्षांनी सांगितलं की तिसऱ्या दिवशी, ते वर तारीख घालून. आणि गाव सोडून गेलेल्यांचा पत्ता शोधून त्यांनाही विचारायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण राहिलेल्यांना गेलेल्यांविषयी बोलायला नको असतं, आणि गेलेल्यांना गावाविषयी.

कस्टर काउंटीची लोकसंख्या १९२० च्या जनगणनेत सव्वीस हजारांच्या पुढे होती. २०२० मध्ये साधारण साडेदहा हजार. शेतं मोठी होत गेली, माणसं कमी होत गेली. सॉडची घरं केव्हाच पुन्हा माती झाली. इतिहास संस्थेने काचा आता अत्यंत बारकाईने स्कॅन केल्या आहेत. कागदावरच्या छापात जिथे दाराचा नुसता काळा चौकोन दिसत असे, तिथे आतल्या वस्तू दिसू लागल्या आहेत. मी तासन्‌तास ती दारं मोठी करून पाहिली आहेत.

पण मी परत परत जातो तो हिल्टन कुटुंबाच्या फोटोकडे. त्यात घर नाही. उघड्या माळावर, गुरांच्या शेजारी, कुटुंब उभं आहे आणि मधोमध पायाने भाता मारायचा ऑर्गन, नक्षीदार लाकडाचा. नुसता फोटो पाहिला तर कोणालाही वाटेल, काय हौशी लोक, गवतात पेटी वाजवत बसले. खरी गोष्ट बुचरने शब्दांत लिहून ठेवली म्हणून कळते. श्रीमती हिल्टन यांना फोटो पूर्वेकडच्या आपल्या माणसांना पाठवायचा होता, आणि आपण अजून मातीच्या घरात राहतो हे त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. पण ऑर्गन आहे, हे दिसायला हवं होतं. म्हणून तो अवजड ऑर्गन घरातून उचलून लांब माळावर आणला, घर चौकटीबाहेर ठेवून फोटो काढला, आणि सगळ्यांनी मिळून तो पुन्हा उचलून त्याच मातीच्या घरात नेऊन ठेवला.